सिमेंटच्या पत्र्यांची डागडुजी : पावसाळ्याआधी या चुका टाळा

बेळगावजवळच्या खानापूरकडचा पाऊस ठाऊक असलेला माणूस मृगाची वाट बघत बसत नाही. मे संपायच्या आत गोठ्यावर, न्हाणीघरावर, परड्यातल्या शेडवर चढून गळती काढतो. आणि नेमकं तेव्हाच बिघडतं. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत साधारण ८ ते १० टक्के ॲस्बेस्टॉस, म्हणजे बारीक तंतूंचं खनिज, असतं. पत्रा शाबूत असेल तर तंतू सिमेंटात घट्ट धरलेले राहतात. ते सुटतात घासताना, कापताना, फोडताना; आणि श्वासातून आत गेले तर पुष्कळ वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो.

सगळ्यात वाईट सवय तारेच्या ब्रशनं शेवाळ खरवडण्याची. गाडी धुण्याच्या पंपानं जोरात पाणी मारणंही तसंच. शेवाळ दिसायला वाईट, पण गळती बहुधा बोल्टाजवळून होते. तिथं पाणी शिंपडा, जुना वॉशर काढून नवा बिटुमेनचा बसवा, नट हातानंच आवळा. बोल्ट गंजून बसला असेल तर हातोडी घालू नका, पत्रा तडकतो.

दुसरी चूक, बंबाच्या धुराड्यासाठी कोरड्या पत्र्यावर कटर चालवणं. गवंडी तोंडाला टॉवेल बांधतो, पण त्यातून हे तंतू सहज आत जातात. निदान एफएफपी-३ किंवा पी-१०० दर्जाचा (अगदी बारीक धूळ अडवणारा) मास्क नीट बसवा, पत्रा ओला ठेवा आणि हातकरवतीनं कापा. नंतर झाडू नको. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. कामाचे कपडे न झटकता वेगळे धुवा.

एक धोका मात्र आजचाच आहे. जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. फळी टाकल्याशिवाय वर पाय ठेवू नका.

‘आजोबांपासून पत्रे आहेत, कुणाला काय झालं?’ हा प्रश्न प्रत्येक गल्लीत येतो. फुप्फुसाचा कॅन्सर किंवा मेसोथेलिओमा (बहुधा फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) धूळ आत गेल्यावर बहुधा २० ते ४० वर्षांनी दिसतो, तोवर कारण कुणाच्या ध्यानातही नसतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यात फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढतो; तंबाखूच्या निपाणी भागात हे मुद्दाम सांगायला हवं.

नुसतं बघून ओळखता येत नाही. बिनॲस्बेस्टॉसचे नवे पत्रेही तसेच दिसतात. आयएसआय खुणेजवळ ४५९ हा आकडा असेल तर ॲस्बेस्टॉस आहेच. खूण पुसली असेल तर प्रयोगशाळेत तपासेपर्यंत ‘आहे’ असंच धरा. पण घाबरून धडाधड पत्रे उतरवू नका. शाबूत आहेत तर राहू देत, वर बाहेरच्या भिंतीचा रंग दिला तरी पुष्कळ.

फुटलेल्या पत्र्याचे तुकडे जोत्याच्या भरावात घालायची आपल्याकडे जुनी खोड आहे. पुढं कुणी पाया खणला की तीच धूळ पुन्हा वर येते. तुकडे ओले करून जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळा, वर ‘ॲस्बेस्टॉस’ असं मराठी-कन्नडमध्ये लिहा, आणि ते कुठं द्यायचे हे कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगावातल्या कार्यालयात विचारा. भंगारवाल्याच्या गळ्यात बांधू नका. तो ते फोडूनच गाडीत भरतो.