कंपन्यांच्या भांडणात आपला टीव्ही अडकू नये म्हणून काय करायचं

फेब्रुवारी २०२३ मध्ये एका संध्याकाळी आमच्याकडे केबलवर आईची मालिका लागलीच नाही, काळी स्क्रीन आणि त्यावर दोन ओळींचा मेसेज, आईला वाटलं रिमोट बिघडला म्हणून ती सेल काढून पुन्हा घालत बसली होती. नंतर कळलं की नवीन दरांच्या करारावर बऱ्याच केबल कंपन्यांनी सह्या केल्या नव्हत्या म्हणून ब्रॉडकास्टर्सनी, म्हणजे चॅनल चालवणाऱ्या कंपन्यांनी, सिग्नलच कापले होते, केबलवाल्यांच्या फेडरेशनने तेव्हा साडेचार कोटी घरांचा आकडा सांगितला होता. आमचे महिन्याचे पैसे मात्र आधीच भरून झालेले. मी रागात दोन दिवसांत डीटीएचची छत्री बसवून घेतली आणि मग थोड्याच दिवसांत केबलवर सगळे चॅनल परत आले. म्हणून पहिलं सांगणं हेच, भांडण चालू असताना कनेक्शन बदलू नका, अशी भांडणं बहुतेक वेळा मिटतात कारण चॅनल दिसला नाही तर जाहिरातीचं नुकसान ब्रॉडकास्टर्सचंही होतंच.

चॅनल गेला की आधी मेसेज नीट वाचा. रिचार्ज संपलाय, चॅनल पॅकमधून काढलाय की करार तुटलाय, ही तीन वेगळी कारणं आहेत आणि तिन्हीचा उपाय वेगळा. करार तुटायच्या आधी नोटीस द्यावी लागते, ती स्क्रीनखाली पट्टीत सरकत असते आणि आपण कुणी ती वाचत नाही, ती वाचायची सवय लावा.

आता मुख्य काम, आणि हे भांडण नसतानाच करायचं. आठवडाभर टीव्हीशेजारी एक कागद चिकटवा, जो जे लावेल त्याने चॅनलचं नाव लिहायचं. आमच्या कागदावर सात दिवसांत अकरा नावं झाली, त्यातली दोन दूरदर्शनची, आणि पैसे आम्ही साठाच्या वर पेड चॅनलचे भरत होतो! ती यादी हातात असली की कुठल्याही कंपनीचा माणूस फोनवर कितीही मोठा पॅक सांगू दे, आपल्याला काय हवंय ते आपल्याला माहीत असतं.

फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या (टीव्ही आणि फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नियमाने प्रत्येक पेड चॅनल सुटा घेता येतो, हे अजूनही कितीतरी जणांना कुणी सांगितलेलंच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. पण सुटं म्हणजे स्वस्तच असं धरून चालू नका, हिशोब करा. १९ रुपयांपेक्षा महाग चॅनल ब्रॉडकास्टरला त्याच्या पॅकमध्ये घालता येत नाही आणि पॅकवर जास्तीत जास्त ४५ टक्के सूट देता येते. म्हणजे १९ रुपयांचे पाच चॅनल सुटे ९५ ला पडतात, तेच पॅकमध्ये ५२-५३ पर्यंत खाली येऊ शकतात. त्या पाचातले चार बघत असाल तर पॅक घ्या, दोनच बघत असाल तर सुटे ३८ ला मिळतात. आणि एकाच चॅनलचं साधं आणि एचडी दोन्ही चालू नाही ना ते आधी बघा, आमच्याकडे दोन चॅनल असे डबल होते आणि कुणाच्या लक्षातही नव्हतं.

दुसरा खर्च एनसीएफ, म्हणजे नुसतं कनेक्शन चालू ठेवायचं भाडं. आधी २०० चॅनलपर्यंत १३० रुपयांची मर्यादा होती, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती मर्यादा काढली, आता हा आकडा कंपनी ठरवते. त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना करताना पॅकच्या किमती शेजारी शेजारी ठेवून उपयोग नाही, एनसीएफ आणि जीएसटी धरून महिन्याला हातातून किती जाणार ते विचारा, दुसरा टीव्ही असेल तर त्याचं वेगळं विचारा.

एवढं करूनही बदलायचंच असेल तर बॉक्सचा विचार करा. सगळ्यांचे बॉक्स एकमेकांकडे चालावेत अशी शिफारस ट्रायने २०२० मध्येच केली होती, पण अजूनही एकाचा बॉक्स दुसऱ्याकडे चालत नाही, जुना तसाच पडून राहतो आणि खरं म्हणजे आपण अडकतो ते इथेच. बॉक्स विकत की भाड्याने, बसवायचे किती, ऑफर संपल्यावर दर काय, मधेच सोडलं तर पैसे कापणार का, हे सगळं मेसेजवर लिहून मागा. फोनवरचं बोलणं नंतर कुणी मान्य करत नाही, माझ्या बाबतीत पहिले तीन महिने झाल्यावर बिल वाढलं आणि दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. पैसे भरून घ्यायच्या डीटीएचमध्ये आता टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही-डीटूएच आणि सन डायरेक्ट एवढेच उरलेत. डीडी फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत, छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, पेड चॅनल मात्र तिथे मिळत नाहीत. आजीआजोबांच्या खोलीतल्या टीव्हीला ते पुष्कळ होतं.

क्रिकेटचं वेगळं सांगतो. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले, तेही टीव्हीचे एकाला आणि मोबाईलचे दुसऱ्याला (पुढे २०२४ मध्ये ते दोघे एकत्रच आले), आणि एवढी रक्कम काही अंशी तरी आपल्या रिचार्जमधूनच वसूल होणार. स्पोर्ट्स चॅनल सीझनपुरता घ्या आणि फायनलच्या दुसऱ्या दिवशी काढायचा अलार्म मोबाईलवर तेव्हाच लावून टाका.

पैसे भरूनही चॅनल दिसत नसेल तर कस्टमर केअरला फोन करून तक्रार नंबर घ्या, त्याशिवाय फोन ठेवू नका. तिथे काम झालं नाही तर त्याच कंपनीचा नोडल ऑफिसर, म्हणजे न सुटलेल्या तक्रारी बघणारा अधिकारी, त्याचा पत्ता वेबसाईटवर असतो. त्यानंतर ग्राहक हेल्पलाईन १९१५. ट्रायकडे एकेकट्याच्या तक्रारी सोडवल्या जात नाहीत, तिथे लिहिण्यात वेळ जातो. न दिसलेल्या दिवसांचे पैसे तक्रारीतच तारखा लिहून मागा, कुठल्या दिवसापासून कुठल्या दिवसापर्यंत, आणि त्या काळ्या स्क्रीनचा फोटो सोबत जोडा.