पहिल्या प्रेमाची कथा लिहिताय? या चुका टाळा

समोरच्या घरातली मुलगी, तिच्यापायी वेडा झालेला पोरगा आणि शेवटी त्याचे उघडलेले डोळे. नवोदितांच्या अशा कथा बहुधा एकाच जागी फसतात. मुलगी दगा देते. कुणाच्या तरी बाइकवर बसून जाते, नाहीतर चिठ्ठी मैत्रिणींना दाखवून हसते. वाचक 'बिचारा!' म्हणतो आणि पान उलटतो.

आयरिश लेखक जेम्स जॉइसची 'अ‍ॅरबी' ही कथा ('डब्लिनर्स' या कथासंग्रहातली, १९१४) काढून बघा. त्यातली मुलगी काहीच वाईट करत नाही. कॉन्व्हेंटच्या धार्मिक कार्यक्रमामुळे तिला 'अ‍ॅरबी' नावाच्या जत्रेसारख्या बाजारात जाता येत नाही. पोरगा बोलून बसतो, गेलो तर तुझ्यासाठी काहीतरी आणीन. पुढचं सगळं बिघडवतात ते घड्याळ आणि पैसे. ज्यांच्याकडून पैसे मिळायचे ते काका रात्री नऊला उगवतात, तेही विसरून. हाती येतं दोन शिलिंगांचं नाणं. पोचेपर्यंत दहाला दहा कमी. सहा पेन्सांत आत सोडणारं स्वस्त दार सापडत नाही, म्हणून दाराशीच एक शिलिंग, म्हणजे बारा पेन्स, जातो. गाडीभाडं वजा जाता खिशात उरतात आठ पेन्स. बहुतेक दुकानं बंद झालेली, आणि एका दुकानातली पोरगी दोन तरुणांशी फालतू गप्पा मारतेय. भ्रम असा पेन्सापेन्सानं झिजतो. तुमच्या कथेतला मुलीचा शेवटचा प्रसंग खोडून बघा. तरीही पोराचा भ्रम तुटत असेल, तर कथा उभी आहे.

'तो तिच्यासाठी वेडा झाला होता' हे वाक्यही खोडा. जॉइसचा पोरगा रोज सकाळी जमिनीवर पडून, पडदा जेमतेम इंचभर उघडा ठेवून तिचं दार न्याहाळतो. ती निघाली की पुस्तकं उचलून मागे धावतो आणि वाटा फुटतात तिथे पावलं उचलून पुढे निघून जातो. वेड दिसतं ते असं.

निवेदकाला मोठेपणीची अक्कल पाजळू देऊ नका. खरं तर जॉइसच्या शेवटच्या वाक्यातही अहंकाराचा उल्लेख उघडउघड येतो, मला तो जरा जडच वाटतो. पण त्याआधी त्यानं बाजारातले दिवे विझवलेत, म्हणून खपतो.

आजच्या कथांत उशीर करणारे काकाच गायब झालेत. सगळा भार व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या खुणांवर. त्यापेक्षा पोराला एसटीच्या थांब्यावर उभा करा, खिशात मोजके पैसे द्या आणि शेवटची गाडी चुकवा.