देवगडात बसून के-पॉप फॅन व्हायचंय? आधी पट्टी वाचायला शिका

परवा मावसबहिणीचा मेसेज आला, ताई मला पहिला अल्बम घ्यायचाय कुठून घेऊ, आणि उत्तर द्यायला घेतलं तर व्हॉइस नोट संपेचना. म्हटलं लिहूनच काढते, इथल्या बाकी पोरींना पण उपयोगी पडेल (पोरांना पण, आहेत भरपूर, बोलत नाहीत एवढंच). मी शाळेत असल्यापासून के-पॉप म्हणजे कोरियन पॉप गाणी ऐकतेय, आणि एवढ्या वर्षांत कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आपला जीव ज्या माणसांत अडकलेला असतो त्यांच्यापर्यंत आपला पैसा कसा आणि किती पोचतो ते आधी समजून घ्यायला हवं.

तर ट्रेनीपासून सुरू करू. कंपनी लहान लहान मुलं निवडते, वर्षानुवर्षं डान्स, गाणं, भाषा शिकवते, हॉस्टेलमध्ये ठेवते. ट्वाइस या मुलींच्या ग्रुपमधली जिह्यो १० वर्षं ट्रेनी होती. बीटीएस हा मुलांचा ग्रुप २०१३ मध्ये डेब्यू झाला, म्हणजे पहिल्यांदा लोकांसमोर आला, तेव्हा त्यातला जंगकुक १५ वर्षांचा होता, आपल्याकडे त्या वयात दहावीचे क्लास चालू असतात. आता हा जो खर्च होतो तो बऱ्याच कंपन्या डेब्यूनंतरच्या कमाईतून आधी कापून घेतात, व्हिडिओचा, कपड्यांचा खर्च पण त्यातच, मग उरलेल्यातून वाटे. म्हणून ग्रुप रोज टीव्हीवर दिसतो आणि मुलांच्या हातात काहीच आलेलं नसतं असं होऊ शकतं. हे मी बाबांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "मगे ती आपली पट्टीच झाली गो." खरंच तसंच आहे. वाशीच्या मार्केटातून आंब्याच्या विक्रीचा हिशोब म्हणजे पट्टी येते तेव्हा वर भाव छान लिहिलेला असतो, आणि खाली गाडीभाडं, हमाली, दिलेला अॅडव्हान्स सगळं वजा होऊन शेवटचा आकडा येतो, शेतकरी तोच आकडा बघतो. तुम्ही पण तोच बघायला शिका. सगळ्या कंपन्या सारख्या नाहीत हे पण लक्षात ठेवा, काही मोठ्या कंपन्या ट्रेनिंगचा खर्च मुलांच्या अंगावर टाकत नाहीत, त्यामुळे सगळीकडे गुलामगिरीच आहे असं ओरडणारे व्हिडिओ बघून लगेच रडत बसू नका.

दुसरं म्हणजे ग्रुप आवडला की डेब्यूचं वर्ष बघा आणि त्यात ७ मिळवा. २००९ मध्ये टीव्हीएक्सक्यू या ग्रुपचे तीन मेंबर १३ वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टविरुद्ध कोर्टात गेले, त्याच वर्षी कोरियातल्या फेअर ट्रेड कमिशनने स्टँडर्ड कॉन्ट्रॅक्ट (कंपन्यांसाठी नमुना करार) आणलं आणि त्यात ७ वर्षांची मर्यादा आली. म्हणून सातवं वर्ष जवळ आलं की फॅन लोकांच्या पोटात गोळा येतो. पण कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणजे ग्रुप फुटलाच असं नाही हां, ब्लॅकपिंकने २०२३ च्या शेवटी ग्रुपचं काम त्याच कंपनीकडे ठेवलं आणि स्वतःचं काम वेगळं केलं. मुलांच्या ग्रुपमध्ये मिलिटरीचा हिशोब पण धरा, कोरियात मुलांना ती सक्तीची असते, आर्मीत साधारण १८ महिने जातात. बीटीएसचा जिन डिसेंबर २०२२ मध्ये गेला आणि सातही जण मोकळे व्हायला जून २०२५ उजाडला.

आता आकडे. इतके अल्बम खपले म्हणून भांडणं चालतात ना, त्यात दोन वेगळे चार्ट असतात. सर्कल (२०२२ पर्यंत गाओन म्हणायचे) मोजतो दुकानांना किती माल गेला, परत आलेला वजा करून. हानतेओ मोजतो गिऱ्हाइकाच्या हातात किती गेला. म्हणजे पेट्या वाशीला पोचल्या किती आणि विकल्या गेल्या किती, एवढाच फरक. पहिल्या आठवड्याचा आकडा म्हणतात तो हानतेओचा, त्यामुळे तुमचा अल्बम त्यात धरला जावा असं वाटत असेल तर दुकान हानतेओला जोडलेलं आहे का ते आधी बघा आणि लवकर ऑर्डर करा. गाणं बहुतेक वेळा कोरियातल्या संध्याकाळी ६ ला येतं, म्हणजे आपल्याकडे दुपारी २:३० ला, आणि १ ला येणारं आपल्याकडे सकाळी ९:३० ला. आमच्याकडे नेमकी तेव्हाच लाइट जाते, मोबाइल आधी चार्ज करून ठेवा.

फॅनसाइनच्या (आवडत्या मेंबरची सही घ्यायला भेट किंवा व्हिडिओ कॉल) नादाला लागू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. एक अल्बम म्हणजे लॉटरीचं एक तिकीट, म्हणून लोक एकाच अल्बमच्या ढीगभर कॉपी घेतात. दोन मिनिटांच्या व्हिडिओ कॉलसाठी घरच्यांचे पैसे घालू नका, एक कॉपी घ्या आणि मनापासून ऐका.

घ्यायचा कसा? अल्बमपेक्षा शिपिंग जड जातं कारण आत जाड फोटोबुक असतं, त्यात परत कस्टम ड्युटी. म्हणून ग्रुप ऑर्डर, पंधरा-वीस जणी मिळून एकत्र मागवायचं. पैसे दोन टप्प्यांत द्या, आधी अल्बमचे, पार्सल आल्यावर वजन करून शिपिंगचे. सगळे पैसे एकदम मागणाऱ्या मॅनेजरला (ग्रुप ऑर्डर चालवणारीला) देऊ नका. माझे एकीने घेतले आणि रातोरात अकाउंट बंद केलं, मी दोन महिने घरी सांगितलंच नव्हतं. जुन्या ऑर्डरचे फोटो मागा, आधी घेतलेल्या दोघींशी बोला. पत्त्यात वाडीचं नाव आणि घर कोणाचं ते लिहा, कुरिअरवाला फाट्यावरून परत जातो पण आमचे पोस्टमनकाका बरोबर घरी आणून देतात.

आणि अल्बम आला की खरं काम आपल्या पावसात. माझ्या पहिल्या फोटोबुकची पानं जुलैत एकमेकांना चिकटली, मी घाईने ओढली तर चेहऱ्यावरची शाईच निघून आली आणि खाली पांढरा कागद दिसला, अजून बघवत नाही. तेव्हापासून फोटोकार्ड (अल्बममध्ये येणारे मेंबरचे छोटे फोटो) लगेच प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये, अल्बम घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिकाच्या पुड्या, आणि डबा भिंतीला टेकून नाही कारण भिंत पाझरते. उन्हात वाळवू नका, रंग उडतो. चतुर्थीच्या आधी आम्ही घर साफ करायला काढतो, त्या दिवशी मी सगळे अल्बम पंख्याखाली उघडून ठेवते, एकेक पान हळू सोडवते आणि सिलिका बदलते.