अ‍ॅन्सिबल: लुकअपने बाहेरची माहिती आणताना

अ‍ॅन्सिबल हे सर्व्हरवरची कामं आपोआप करून घेण्याचं साधन, आणि प्लेबुक ही त्या कामांची (टास्कची) फाईल. फाईल, तक्ता अशा बाहेरच्या ठिकाणांहून प्लेबुकमध्ये माहिती आणतो तो लुकअप प्लगइन. तो कंट्रोल मशीनवर चालतो, म्हणजे जिथून तुम्ही प्लेबुक चालवता तिथे. बराचसा गोंधळ हे विसरल्यामुळेच होतो. दूरच्या सर्व्हरवरची फाईल वाचायची असेल तर स्लर्प मॉड्यूल घ्या आणि हाती आलेला बेस64 मजकूर (साध्या अक्षरांत सांकेतिक केलेला) उलगडा.

सुरुवात फाईल लुकअपने करा. सार्वजनिक एसएसएच की रोलच्या (टास्क आणि फाइल्सच्या पुन्हा वापरता येणाऱ्या संचाच्या) फाइल्स फोल्डरमध्ये ठेवली की नुसतं नाव पुरतं. शेवटची नवी ओळ तो आपणहून छाटतो. ती हवीच असेल तर आरस्ट्रिप या पर्यायाला फॉल्स द्या.

तक्त्यासाठी सीएसव्हीफाईल लुकअप आहे, पण नाव फसवं: न सांगितल्यास तो स्वल्पविराम नव्हे, टॅब शोधतो. डिलिमिटर (स्तंभ वेगळे करणारं चिन्ह) द्याच. स्तंभ 0 पासून मोजतात आणि आपोआप 1, म्हणजे दुसरा स्तंभ मिळतो.

लूपला (एकच टास्क अनेकदा चालवण्याला) यादी लागते. लुकअप एकाहून जास्त उत्तरं स्वल्पविरामाने जोडून एकच स्ट्रिंग करतो, म्हणून तिथे क्वेरी वापरा.

सगळ्यात खोडकर गोष्ट: व्हेरिएबलमधला लुकअप प्रत्येक वापराला नव्याने चालतो. यादृच्छिक पासवर्ड बनवणाऱ्या पासवर्ड लुकअपला डेव्ह-नलचा (काहीच साठवून न ठेवणाऱ्या फाईलचा) पत्ता दिलात, तर डेटाबेसमध्ये एक पासवर्ड आणि कॉन्फिग फाईलमध्ये दुसराच! आधी सेट_फॅक्ट मॉड्यूलने तो व्हेरिएबलमध्ये गोठवा. सगळ्या होस्टना (सर्व्हरना) एकच हवा असेल तर रन_वन्स, म्हणजे टास्क एकदाच चालवण्याचा पर्याय, जोडा.

एन्व्ह लुकअपला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (मशीनवर ठेवलेलं मूल्य) सापडलं नाही तर तो तक्रार न करता रिकामी स्ट्रिंग देतो. पुढच्याच टास्कमध्ये असर्ट (अट तपासणाऱ्या) मॉड्यूलने लांबी तपासा.