नुकत्याच संपवलेल्या कादंबरीचं टिपण
पुस्तक मिटलं की त्याच दिवशी लिहायला बसा. दोन-चार दिवसांत पात्रांची नावं पुसट होतात आणि हाती उरतं नुसतं ‘छान होती’. कथानक ३ ओळींत उरका. मग मनात रुतलेला एकच प्रसंग पान क्रमांकासह उतरवा.

प्रत्येक प्रकाराला वेगळी फूटपट्टी लागते. रहस्यकथेत गुन्हेगार कुठे ओळखला ते नोंदवा: ३०० पानांपैकी ८०व्या पानावरच कळला, तर पुढचं कशाच्या जोरावर वाचलं? (टिपण दुसऱ्याला दाखवणार असाल तर शेवट मुळीच फोडू नका.) ऐतिहासिक कादंबरीतली माणसं आजच्यासारखा विचार करतात का? विज्ञानकथेत लेखकाने स्वतःच घातलेले नियम शेवटी मोडलेत का? कंटाळा आला असेल, तर नेमका कोणत्या प्रकरणापासून, तेही लिहा.