जुनी लेन्स घरी साफ करताय? या चुका टाळा (मी बहुतेक सगळ्या केल्यात)

मामाकडे रत्नागिरीला माळ्यावर एक झेनिट कॅमेरा पडून होता, त्याच्यावर हेलिओस ४४-२, म्हणजे ती ५८ एमएम एफ २ वाली रशियन लेन्स, जी हल्ली लोक ॲडॉप्टर (जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसवायची कडी) लावून मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर वापरतात आणि मागे गोल गोल फिरणारा ब्लर आला की खुश होतात. कॅमेरा चामड्याच्या कव्हरात, कव्हर प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी ट्रंकेत आणि ट्रंकेत मूठभर डांबरगोळ्या. मामा म्हणाला, "घेऊन जा रे, एकदम जपून ठेवलाय." जपूनच ठेवला होता, पण या चारही गोष्टी लेन्सच्या मुळावर येणाऱ्या आहेत हे ना त्याला ठाऊक ना मला. मी ती पुण्याला आणली, रविवारी जेवण झाल्यावर डायनिंग टेबलवर उघडली, आणि इतक्या वर्षांत माळ्यावर तिचं जे वाकडं झालं नव्हतं ते संध्याकाळपर्यंत करून दाखवलं. त्यानंतर बऱ्याच लेन्स उघडल्या, काही परत बंदही झाल्या. त्यातून जे कळलं ते लिहितोय.

काय बिघडलंय ते न बघताच उघडणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि बाकीच्या बऱ्याचशा हिच्यातूनच निघतात. आधी अपर्चर (आतल्या पात्यांचं लहानमोठं होणारं भोक) पूर्ण उघडा, मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारा आणि पुढून बघा. आता पहिलीच गोष्ट, टॉर्चमध्ये चांगली लेन्ससुद्धा भयाण दिसते, त्यामुळे घाबरायचं नाही. धुळीचे चार कण, काचेतले एकदोन बारीक बुडबुडे (जुन्या काचेत असायचेच), यांनी फोटोत काडीचाही फरक पडत नाही. बघायचं ते वेगळंच. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरलेले असतील तर फंगस. सगळीकडे एकसारखं दुधाळ धुकं असेल तर हेझ, आतलं ग्रीस उडून काचेवर बसलेलं. कडेकडून इंद्रधनुष्यासारखे रंग किंवा चकाकणारा पट्टा आत सरकत आलेला दिसला तर दोन काचा जोडणारा डिंक सुटतोय, हा जुन्या लेन्समध्ये कॅनडा बाल्सम असतो. आणि कडेलाच पांढरे पांढरे ठिपके असतील तर तो बऱ्याचदा काचेच्या काठाला लावलेला काळा रंग सुटलेला असतो, श्नायडर या जर्मन कंपनीच्या लेन्समध्ये इतका की त्याला नावच श्नायडरायटिस पडलंय. दिसायला तो फंगससारखा, पण निरुपद्रवी. मी एक लेन्स फक्त हे ठिपके काढायला उघडली होती. निघाले नाहीत, पण परत बसवताना स्क्रूड्रायव्हर घसरून काचेवर ओरखडा तेवढा आला.

फंगस आणि हेझ घरी निघू शकतं. बाल्सम सुटलेला असेल तर विसरा. त्या काचा गरम करून सोडवायच्या, साफ करायच्या आणि परत एका अक्षात चिकटवायच्या, हे काम घरचं नाही. हेलिओसमध्ये चार ग्रुपमध्ये सहा काचा आहेत, म्हणजे दोन जोड्या चिकटवलेल्या. त्या जोड्या सॉल्व्हंटमध्ये बुडवून ठेवायच्या नाहीत, पुसायच्या फक्त. मी एक वाटीभर स्पिरिटमध्ये रात्रभर घालून ठेवली होती, लोणच्यासारखी. सकाळी काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा.

उन्हात ठेवणं

आपल्याकडे कुठल्याही गोष्टीला बुरशी लागली की आधी ऊन दाखवायचं, पापड असो की गादी. लेन्सचं मात्र तसं नाही. उन्हाने बुरशी मेली तरी तिचे धागे काचेवर तसेच राहतात, ते पुसूनच काढावे लागतात. वर लेन्स तापली की आतलं ग्रीस पातळ होऊन अपर्चरच्या पात्यांवर येतं, बाल्सम ढिला पडायची भीती असते, आणि मुख्य म्हणजे लेन्स ही लेन्सच आहे हो, मागचं झाकण काढून गॅलरीत ठेवली तर मागे जे काही असेल त्याला आग लागू शकते.

एकच केस वेगळी, ती म्हणजे थोरियमची काच. सात काचांची सुपर टाकुमार ५० एमएम एफ १.४ घ्या, तिच्यात थोरियम आहे आणि वर्षानुवर्षांच्या किरणोत्सर्गाने ती काच चहासारखी पिवळी पडते. ती पुसून पांढरी होत नाही, कोणी पॉलिश करायला सांगितलं तर अजिबात करू नका, थोरियमची पूड नाकातोंडात जाणं ही चेष्टा नाही. अल्ट्राव्हायोलेट एलईडीखाली, खाली ॲल्युमिनियम फॉइल घालून काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराच जातो. दिव्याकडे बघत बसू नका तेवढं. पण मी किती लोकांना ही पिवळी लेन्स "फंगस आहे" म्हणून सोलताना पाहिलंय.

हाताला येईल त्याने पुसणं

बनियन, धोतराचा तुकडा, शर्टाचं टोक, चष्म्याचं फडकं. मामाने स्वतः अभिमानाने सांगितलं, "दर दिवाळीला पुसायचो मी." त्या दर दिवाळीचे बारीक बारीक गोल ओरखडे टॉर्चमध्ये मोजता येतात. जुनं कोटिंग आजच्यासारखं टणक नसतं, आणि काही लेन्समध्ये तर काचच मऊ, लायकाची जुनी सुमार लेन्स त्यासाठी कुप्रसिद्ध आहे, तिची पुढची काच बिनओरखड्याची मिळणं म्हणजे लॉटरी. धूळ ही काचेच्या दृष्टीने वाळूच. आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग ओला टिश्यू, या क्रमानेच. आणि लिक्विड टिश्यूवर घ्यायचं, काचेवर थेंब टाकायचा नाही, कारण तो थेंब कडेच्या फटीतून आत ओढला जातो आणि मग जी काच साफ होती तिच्यावर आतून डाग. मधून बाहेर गोल फिरवत जायचं, हात हलका, एक टिश्यू एकदाच.

लिक्विड कुठलं? आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं, मोबाइल रिपेअरिंगचं सामान मिळतं त्या दुकानात असतं. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं, काचेवर चिकट थर बसतो (कोरोनात घरोघरी पाच पाच लिटरचे कॅन उरले होते, मोह मलाही झालाच). खिडक्या पुसायचा स्प्रे नको. थिनर आणि ॲसिटोन काचेला काही करत नाहीत पण काचेच्या काठाचा काळा रंग, रिंगवरचे आकडे आणि प्लॅस्टिक सगळं घेऊन जातात. टूथपेस्ट लावून ओरखडे घालवायचा सल्ला जो देतो त्याला तुमची लेन्स दाखवूसुद्धा नका.

फंगससाठी मेडिकलमध्ये मिळतं ते हायड्रोजन पेरॉक्साइड, कापसाने लावायचं, दोनतीन मिनिटं ठेवायचं, पुसायचं, मग अल्कोहोलने परत. काही जण त्यात अमोनिया घालतात, मी खिडकी उघडी ठेवून करून बघितलंय, चालतं, पण ब्लीच त्याच्या आसपासही नको. आणि एक मनाची तयारी ठेवा, बुरशी जे आम्ल सोडते त्याने कोटिंग आणि कधी काचही खाल्लेली असते. बुरशी गेली तरी तिचा नकाशा राहतो. तो घासून जाणार नाही, घासायचाही नाही. पुढच्या काचेवर असेल तर फोटोत बहुतेक दिसणारही नाही, मागच्या काचेवर असेल तर मात्र उजेडासमोर कॉन्ट्रास्ट कमी होतो.

करकटक

लेन्सच्या पुढची नाव लिहिलेली रिंग आणि आतल्या खाचांच्या रिंगा उघडायला मी कंपासपेटीतलं करकटक वापरलं. आपल्यातले निम्मे लोक तेच वापरतात आणि निम्म्यांचं टोक घसरतं. टोक घसरलं की सरळ काचेवर. लेन्स स्पॅनर घ्या, दोन टोकांना स्क्रूने घट्ट करता येतो तो, आणि खाच नसलेल्या रिंगेला लेन्सच्या मापाचं रबरी बूच दाबून फिरवा. रबराने न हललेली रिंग करकटकानेही हलणार नसते, कडेला टूथपिकने लायटर फ्लुइडचा थेंब सोडा, तासभर थांबा, परत बघा.

जपानी लेन्समध्ये अजून एक गंमत. त्यांचे स्क्रू दिसतात आपल्या प्लसच्या स्क्रूसारखे, पण ते जेआयएस, म्हणजे जपानी स्टँडर्डचे. साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर उचलतो आणि डोकं खरवडून टाकतो, आणि एकदा डोकं गेलं की मग ड्रिल. जेआयएसचा छोटा सेट ऑनलाइन मिळतो, आधी तो घ्या मग लेन्स उघडा. बिनडोक्याचे बारीक स्क्रू (ग्रब स्क्रू) हलत नसतील तर ते बहुधा लॅकरने सील केलेले असतात, तिथे टूथपिकच्या टोकावर एवढंसं ॲसिटोन चालतं, जवळपास प्लॅस्टिक नसेल तर.

बाकी काम परातीत करा. खरंच सांगतोय, मोठी परात, तिच्यात पांढरं फडकं. अपर्चर रिंगच्या क्लिकसाठी मोहरीपेक्षाही बारीक स्टीलची गोळी असते स्प्रिंगवर बसलेली, रिंग उचलली की ती उडते, आणि पुण्याच्या जुन्या फरशीवर ती कुठे जाते ते देवालाच माहीत.

हेलिकॉइड, जिथे माझी खरी जिरली

हेलिकॉइड म्हणजे फोकस रिंग फिरवली की लेन्स पुढेमागे सरकवणारे आटे. रिंग जड झाली म्हणजे त्यांच्यातलं ग्रीस वाळलंय. रशियन लेन्सचं मेणासारखं होतं, आणि आग्फा इझोलेट या जुन्या घडीच्या कॅमेऱ्याचं तर हिरव्या सिमेंटसारखं, तिथे जोर करून फिरवलं तर पुढच्या काचेबरोबर मधलीही फिरून बाहेर येते आणि फोकसचा पत्ता जातो. पहिली प्रतिक्रिया असते तेल सोडायचं. शिलाई मशीनचं तेल, कडीकोयंड्याला मारायचा स्प्रे, काहीही. रिंग दोन दिवस लोण्यासारखी फिरते, मग तेल सरपटत पात्यांवर येतं, पाती एकमेकांना चिकटतात, आणि उरलेलं काचेवर धुकं बनून बसतं. तीच गत व्हॅसलीनची, आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर वाहायलाच लागतं. जुनं ग्रीस लायटर फ्लुइडने पूर्ण धुवायचं (गॅस बंद, खिडकी उघडी, देव्हाऱ्यातला दिवा पण विझलेला) आणि मग हेलिकॉइडसाठीचं डॅम्पिंग ग्रीस, तेही अगदी पातळ थर.

पण धुण्यासाठी हेलिकॉइड सोडवावं लागतं, आणि तिथे मी मार खाल्ला. बाटलीच्या झाकणाला बहुधा एकाच ठिकाणाहून आटे सुरू होतात, हेलिकॉइडला अनेक ठिकाणाहून होतात. त्यामुळे दोन भाग सुटल्यावर परत बसवताना ते सहासात जागी आरामात बसतात, फिरतातही छान, पण बरोबर जागा एकच. चुकीच्या जागी बसवलं की लेन्स इन्फिनिटीला, म्हणजे अगदी लांबच्या वस्तूच्या फोकसला, पोचत नाही किंवा पार पुढे जाते. उपाय सोपाय, दोन भाग सुटतात त्या क्षणी थांबायचं आणि दोन्हींवर समोरासमोर सुईने बारीक खूण करायची, फोटो काढायचा. सुटायच्या आधीची नाही, सुटतात तिथलीच. मी खूण केली नव्हती. मग संध्याकाळी सात ते रात्री एक, एकेक आटा लावून बघत, खिडकीतून लांबच्या मोबाइल टॉवरवरचा लाल दिवा फोकस करत बसलो होतो, आई दोनदा येऊन "जेवलास का रे" विचारून गेली.

त्यातही अजून एक मेख आहे. स्वस्त ॲडॉप्टर बरेचदा मुद्दाम किंचित पातळ असतात, म्हणजे लेन्स इन्फिनिटीच्या थोडी पलीकडे जाते. ते ॲडॉप्टरचं, लेन्सचं नाही. म्हणून उघडायच्या आधीच त्याच ॲडॉप्टरवर लांबच्या वस्तूचा एक फोटो काढून ठेवा आणि रिंगवर खूण कुठे आहे तेही बघून ठेवा.

काचांचंही तेच. प्रत्येक काच काढली की पेन्सिलने काठावर बाण, पुढची बाजू कुठली ते. उलटी बसवलेली काच बाहेरून कळत नाही, फोटो धूसर आले की कळतं.

आणि पात्यांवर तेल असेल तर पाती सुटी करू नका. हेलिओसमध्ये आठ आहेत, कागदासारखी. काचा काढून ठेवा, पात्यांवर लायटर फ्लुइड सोडा, उघडा-मिटा, टिपा, परत सोडा, चारपाच वेळा. सुटी केलीत तर आठवं पातं बसवताना पहिलं निसटतं. पात्यांना तेल लावायचंच नाही, ती कोरडीच फिरायला बनवलेली आहेत.

साफ करून परत त्याच कव्हरात

चामडं ओल धरतं, बुरशीही धरतं. कव्हर शोकेसमध्ये ठेवा हवं तर, लेन्स त्यात नको. डांबरगोळ्या आणि कापूर तर कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्येही ठेवू नका म्हणून लिहिलेलं असतं. तांदळाचा डबा पण नको, ओल फार ओढत नाही आणि पीठ मात्र सगळीकडे. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल, आणि आत हवेतली ओल मोजणारं छोटं हायग्रोमीटर, ४० ते ५० टक्के दिसलं की झालं. कोकणात पावसाळ्यात बाहेर ८० च्या वर असतं, तिथे जेल लवकर रंग बदलतं, ते परत गरम करून घ्यायचं, फक्त रोजच्या तव्यावर नको. फार कोरडंही करू नका, ग्रीस वाळतं. आणि लेन्स वापरात ठेवा.

मामाची हेलिओस आता दहाबारा मीटरच्या पुढे फोकस होत नाही. बरोबर आटा मला त्या रात्री सापडला असं वाटलं होतं, तो शेजारचा निघाला. परत उघडायची आहे, पण तिच्यावर भाचीचे पोर्ट्रेट इतके सुंदर येतात की हात होत नाही. मामाला सांगितलेलं नाही अजून.