जुनी टेस्ला कॉइल घेतलीत? प्लग लावण्याआधी या चुका टाळा

दोन-चार महिन्यांनी एखादा व्हिडिओ मला येतोच. अंधारी खोली, टेस्ला कॉइलच्या माथ्यावरच्या धातूच्या कड्यातून (टोरॉइड) फुटणाऱ्या जांभळ्या ठिणग्या, आणि खाली मेसेज, 'सर, मिळाली! वर्किंग कंडिशन!' मी म्हणतो, खालचा फोटो पाठव. ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, जोडण्या. तो फोटो कुणीच काढलेला नसतो. विकणाऱ्याने वरचं दाखवलेलं असतं आणि घेणाऱ्याने वरचंच पाहिलेलं असतं. माणूस मारायची ताकद मात्र खालच्या खोक्यात असते.

टेस्ला कॉइल म्हणजे हाय व्होल्टेजच्या लांब ठिणग्या काढणारं यंत्र. मी बोलतोय ती जुनी, स्पार्क गॅपवाली, म्हणजे धातूच्या टोकांमधल्या फटीत ठिणगी पाडून चालणारी. निऑन पाट्यांचा ट्रान्सफॉर्मर, तांब्याच्या नळीचं खालचं वेटोळं म्हणजे प्रायमरी, पीव्हीसी पाइपवर गुंडाळलेलं उभं वेटोळं म्हणजे सेकंडरी. टेस्लाने १८९१ मध्ये दाखवलेलं तत्त्व अजून तेच आहे. आता पाट्या एलईडीच्या झाल्या, त्यामुळे हे ट्रान्सफॉर्मर भंगारात स्वस्त मिळतात आणि उत्साही मंडळी वाढली आहेत.

पहिली चूक कपॅसिटरची, म्हणजे चार्ज साठवणाऱ्या भागाची. यावर मी तासभर बोलू शकतो, कारण माझा हात थोडक्यात वाचलाय. 'कधी चालते, कधी मधेच बंद पडते' म्हणून स्वस्तात मिळालेली कॉइल होती. ट्रान्सफॉर्मर ९,००० व्होल्ट, ३० मिलिअँपिअरचा. कपॅसिटर ०.१५ मायक्रोफॅरडचे दहा, एकामागे एक जोडलेले, म्हणजे एकूण १५ नॅनोफॅरड. टेबलावर मांडली, चालवली. अर्ध्या मिनिटात बंद पडली. प्लग काढला, झाकण उचललं. सैल वायर समोरच दिसत होती. बोट घालून चाचपायची इतकी खाज आली होती! पण सवयीने आधी शॉर्टिंगची काठी (अडकलेला चार्ज उतरवायची, धातूच्या टोकाची) टेकवली आणि लवंगी फटाक्यासारखा आवाज झाला. काठीच्या टोकाला पडलेला काळा डाग अजून आहे.

असं का झालं? एरवी कॉइल बंद केली की कपॅसिटरमधला चार्ज ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून निचरून जातो. इथे ट्रान्सफॉर्मरकडे जाणाऱ्या वायरचं सोल्डरिंग कच्चं होतं. चालता चालता ती सुटायची आणि चार्ज आत अडकायचा. म्हणजे ज्या बिघाडामुळे कॉइल स्वस्त मिळाली, तोच बिघाड दबा धरून बसला होता. वर आधीच्या मालकाने कपॅसिटरवरचे ब्लीडर रेझिस्टर, म्हणजे बंद केल्यावर चार्ज आपोआप उतरवणारे रेझिस्टर, कापून टाकलेले! प्रत्येक कपॅसिटरवर १० मेगाओहमचा एक लागतो, चार्ज काही सेकंदांत उतरतो. चहापेक्षा स्वस्त वस्तू. साठा भरला तर सव्वा जूलच्या आसपास, त्याने माणूस मरेलच असं नाही; पण झटक्याने हात कुठे जाऊन आपटेल ते सांगता येत नाही.

तेव्हा जुनी कॉइल घरी आली की आधी ब्लीडर बघा, नसतील तर लावा. हात घालण्यापूर्वी काठी टेकवा, आणि काम होईपर्यंत कपॅसिटर बँकेच्या दोन टोकांत क्लिपची वायर राहू द्या. चालवण्याआधी ती काढायला विसराल? विसरा. कॉइल चालणार नाही, एवढंच.

'घरात आरसीसीबी आहे' हे वाक्य ऐकलं की मला कापरं भरतं. आरसीसीबी म्हणजे वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच, पण तो फक्त मेन्सच्या बाजूची गळती बघतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, हाय व्होल्टेजच्या दोन टोकांत तुम्ही सापडलात तर त्याला पत्ताही लागत नाही. तो ३० मिलिअँपिअरला पडतो, आणि हा ट्रान्सफॉर्मर तेवढाच करंट तुमच्या छातीतून निवांत पाठवत राहतो. डिमरस्टॅटचंही, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायच्या पेटीचंही तसंच. काटा शून्यावर आणला म्हणजे वीज तुटली असं नाही. फेज-न्यूट्रल उलटे असतील तर शून्यावरही आत फेज असतो.

दुसरी माझी लाडकी चूक अर्थिंगची. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला एक पोरगा, फ्लॅट पाचव्या मजल्यावर. मी फोनवर सांगितलं होतं, सेकंडरीच्या तळाला वेगळी अर्थिंग लागते, रॉड लागतो. 'हो काका, बघतो.' रविवार उजाडला, दम निघाला नाही. त्याने तळाची वायर सरळ सॉकेटच्या तिसऱ्या पिनला जोडली. ठिणगी झकास, दीड-दोन फूट. त्याच क्षणी त्याचा राउटर गेला, खालच्या जोशीकाकूंचा सेट-टॉप बॉक्स गेला आणि सोसायटीचा इंटरकॉम खरखरायला लागला. संध्याकाळी त्याचे वडील माझ्या दारात. जणू मीच प्लग लावला होता!

घरची अर्थिंग ५० हर्ट्झसाठी असते. कॉइल चालते दोन-अडीच लाख हर्ट्झवर. २० मीटर खाली जाणारी वायर ५० हर्ट्झला जवळजवळ रोधच दाखवत नाही, पण अडीच लाख हर्ट्झला तीच ३० ओहमच्या आसपास अडवते. तळातून काही अँपिअर गेले की शंभराच्या वर व्होल्ट त्या वायरवर उभे राहतात आणि वाटेतल्या प्रत्येक उपकरणाच्या अंगाला लागतात.

डिमरस्टॅटच्या पेटीला घरची अर्थिंग राहू द्या. सेकंडरीचा तळ, स्ट्राइक रिंग (प्रायमरीवर पडणारी ठिणगी झेलणारी कडी) आणि सेफ्टी गॅपचं (जास्त व्होल्टेजपासून ट्रान्सफॉर्मर वाचवणाऱ्या फटीचं) मधलं टोक यांना वेगळा रॉड द्या, सहा-आठ फुटी, ओल्या जमिनीत. कॉइलखाली मोठी लोखंडी जाळी अंथरूनही काही जण भागवतात. माझं मत विचाराल तर फ्लॅटमध्ये हा खेळच नको.

बाकीच्या चुका एकेका ओळीच्या. स्ट्राइक रिंग पूर्ण जोडू नका, फट ठेवा. बंद रिंग म्हणजे शॉर्ट झालेला वेढा. अमेरिकेहून मामाने आणलेला १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर १०० व्होल्टच्या वर नेऊ नका, आतला लोखंडी कोअर सॅच्युरेट होऊन, म्हणजे चुंबकत्वाची मर्यादा गाठून, तापतो. सेकंडरीवर काळी रेघ दिसली तर तो कार्बन आहे. वरून वार्निश मारून लपवलेला असतो, नखाने खरवडून बघा. स्पार्क गॅपकडे टक लावून बघू नका, त्यात अतिनील किरणं असतात. खिडक्या उघड्या ठेवा, ओझोन साठतो. पेसमेकरवाल्यांना लांब बसवा. आणि मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर लावायचा विचार असेल तर मला फोन करू नका.

'करंट कातडीवरून जातो, म्हणून झटका बसत नाही' हेही सोडा. झटका कळत नाही, कारण इतक्या वेगाच्या करंटला नसा दाद देत नाहीत; आतलं मांस भाजायचं ते भाजतंच. शिवाय ती ठिणगी एकाच वेळी प्रायमरीला आणि तुम्हाला शिवली, तर खालचे ९,००० व्होल्ट तिच्यावरून चालत येतात.

मी स्वतः कॉइल चुलतभावाच्या शेतावर नेतो, बोअरच्या स्टार्टरपासून लांब. एका वेळी अर्धा मिनिट, एक हात खिशात. कॉम्प्युटरला असते तशी निघणारी पॉवर कॉर्ड वापरतो आणि थांबलो की ती काढून गळ्यात अडकवतो. म्हणजे मी वाकलेलो असताना पुतण्या मागून चालू करणार नाही. गळ्यात कॉर्ड दिसली की वहिनी ओरडतात, 'डॉक्टर आले, चहा टाका.'